बिनकडीच्या खोल्या

बोटीवर पाऊल ठेवल्यापासून मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पुढची बाजू कोणती, मागची कोणती, आपण कितव्या मजल्यावर आहोत, जेवण वर आहे की खाली. नांदेडला शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. गोंधळ मला सहन होत नाही, मुलांचाही नाही आणि स्वतःचा तर मुळीच नाही. आणि इथं लिफ्टमधून बाहेर पडलं की दोन्हीकडे सारखाच बोळ, सारखीच दारं, सारखाच गालिचा. नवरा म्हणाला, "बोटीच्या नाकाकडं चाल, सापडेल खोली." नाक कुठं आहे ते ठाऊक असतं तर मी त्याला विचारलं कशाला असतं?

ही सगळी करणी माझ्या मुलाची. तो आता डॉक्टर आहे. माझी नोकरी संपली त्या निमित्तानं त्यानं आम्हा दोघांना आणि लातूरच्या मामा-मामींना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला आणि वहिनींना, मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटीची सहल घडवली. शेजारी शेजारी दोन खोल्या, दोन्हींना समुद्राकडे गॅलरी. "आई, लागून लागून खोल्या घेतल्यात, म्हणजे तुम्हाला करमेल," असं म्हणाला. मला न करमण्याचीच हौस होती हे त्याला कोण सांगणार? लग्न होऊन आल्यापासून घरात सासू-सासरे, दीर, नणंदा, मग मुलं, मग मुलांच्या शिकवण्या. नवऱ्याबरोबर दार लावून निवांत चहा प्यायलाय असा एक दिवस मला आठवत नाही. समुद्र मला बघायचा नव्हता. मला ती गॅलरी हवी होती.

गॅलरीत जाऊन मी खुर्ची ओढते न ओढते तोच पलीकडून टकटक झाली. आमची गॅलरी आणि त्यांची गॅलरी यांच्यामध्ये माणसाहून उंच, दुधी रंगाचं एक पार्टिशन होतं. त्याच्यामागून वहिनींचा आवाज आला.

"ताई, हे उघडतंय का वो?"

"न्हाई हो वैनी. भिंतच हाय ती."

"भिंत न्हाई. बिजागऱ्या हायत हिला."

माणूस बोटीवर आल्यावर आधी पाणी बघतं, आकाश बघतं, फार तर पलंग दाबून बघतं. आमच्या वहिनींनी बिजागऱ्या बघितल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना बोलावलं सुद्धा. पन्नाशीच्या आसपासच्या त्या बाई गोव्याच्या होत्या आणि त्यांना मराठी छान समजायचं. वहिनींचं म्हणणं त्यांनी ऐकलं, कुणाला तरी फोन करून विचारलं आणि चौकोनी तोंडाची एक किल्ली आणून ते पार्टिशन सोडवलं. दारासारखं ते मागं फिरलं आणि भिंतीवरच्या आकड्यात अडकलं. दोन गॅलऱ्यांची एक लांब गॅलरी झाली आणि माझ्या निवांतपणाचे बारा वाजले.

वहिनी लगेच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. आमच्या खोलीचं काचेचं दार त्यांनी एकदा सरकवून बघितलं, पुन्हा सरकवून बघितलं, आणि समाधानानं म्हणाल्या, "आता बरं वाटलं. हवा लागती." समुद्रावर हवेची काय वानवा असते मला कळेना.

त्यानंतर सुरू झालं ते वहिनींचं येणं-जाणं. चहाचा कप तोंडाला लावावा तर पलीकडून खाकरण्याचा आवाज, की वहिनी हजर. हातात लातूरहून आणलेले धपाटे नाही तर शेंगदाण्याची चटणी. "झोपलात का वो ताई?" झोपलेलं माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? नवरा बनियनवर पेपर वाचत बसलेला असायचा, तो धडपडून शर्ट शोधायला आत पळायचा. मग दादाही यायचा, पत्त्याचा डाव पडायचा, आणि नवराही खुशीत. मला मात्र मनातून चीड यायची. चिडावं आणि धपाटेही खावेत, अशी माझी अवस्था होती, कारण धपाट्यांना वहिनींच्या हाताची तोड नाही.

शेवटी मी गोव्याच्या बाईंना बोळात गाठलं आणि हळूच म्हटलं, "ते पार्टिशन लावून टाका बरं. वारा फार येतो." त्यांनी लावलं. मी वरच्या मजल्यावर चक्कर मारून आले, रस्ता चुकून दोनदा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आणि खोलीत परतले तर पार्टिशन सताड उघडं. मला वाटलं, मीच भलत्या खोलीत शिरले. पण पलंगावर नवऱ्याचा चष्मा होता. पुन्हा बाईंना सांगितलं, पुन्हा लागलं, जेवून येईतो पुन्हा उघडं. बाई आम्हा दोघींकडे बघून नुसतं हसायच्या. मी वहिनींना विचारलं नाही आणि वहिनींनी मला विचारलं नाही. आमच्याकडे नणंद-भावजयीत अशी गोष्ट विचारली की तिचं भांडण होतं, म्हणून ती तिसऱ्या माणसाकडून करून घ्यायची असते.

आणखी एक प्रकार माझ्या लक्षात आला. बोटीतल्या खोल्यांची दारं आपोआप लागतात. वहिनींच्या दारात मात्र कायम एक चप्पल आडवी अडकवलेली. बोळातून जाता-येता लोक त्या चपलेकडे बघायचे. दादा लाजेनं कासावीस व्हायचा. "अगं, चोऱ्या होतील," म्हणायचा. "आता पाण्यातून चोर कुठं पळतंय?" असं वहिनींचं त्यावर उत्तर.

कड्यांशी वहिनींचं जुनं वैर होतं, हे मला माहीत होतं. पण मला ते जे माहीत होतं ते काय होतं, हेच आता नीट सांगायला हवं.

लातूरकडं तो मोठा भूकंप झाला तेव्हा वहिनी माहेरी होत्या. औशाकडचं गाव. गणपतीसाठी गेलेल्या, मांडीवर तान्हं लेकरू. दगडमातीचं घर बसलं. लेकरू वाचलं, वहिनी वाचल्या, अंगणात झोपलेले आई-वडील वाचले. धाकटी बहीण गेली. एवढं आम्हाला माहीत होतं आणि एवढंच. त्यापुढचं विचारायचं नसतं, हे घरात सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मी तेव्हा नांदेडहून भेटायला गेले तर वहिनी लेकराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "चहा घेता का ताई?" मी "हाव, घेते" म्हटलं आणि चहा पिऊन परत आले. दुसरं काय करायचं मला समजलं नव्हतं.

लातूरला त्या दिवसांत घरात झोपतं कोण? मैदानात, रस्त्यावर पथाऱ्या पडलेल्या. पुढं लोक घरात झोपू लागले, तरी बरेच दिवस दाराला कडी कुणी लावत नसे. चौकट दबली की कडी निघत नाही, हे पोराबाळांनाही कळलेलं. मग हळूहळू चोराची भीती भूकंपाच्या भीतीपेक्षा मोठी झाली आणि गावभर कड्या पुन्हा लागल्या. दादाच्या घरी तेवढ्या लागल्या नाहीत. आम्ही म्हणायचो, वहिनी भित्र्या आहेत, जाऊ द्या.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी लातूरला क्लासेसचं पीक आलं. मुरुडपासून धर्माबादेपर्यंत ज्याला त्याला पोरगं डॉक्टर करायचं होतं, आणि डॉक्टर व्हायचं तर लातूरला जायचं, असं झालं. दादाच्या गल्लीत मोटारसायकल लावायला जागा उरली नाही. घर तिथं खोल्या, खोली तिथं पोरं. दादानंही वर मजला चढवला. एका ओळीत खोल्या आणि त्यांच्यापुढं एक लांब गॅलरी. प्रत्येक पोराला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा हवा म्हणून गॅलरीत प्लायवूडची पार्टिशनं टाकायची ठरली. वहिनींनी सुताराला बसवून प्रत्येक पार्टिशनला बिजागऱ्या लावून घेतल्या. ढकललं की उघडायचं. आणि खोल्यांच्या दारांच्या आतल्या कड्या त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावल्या. नुसती भोकं उरली.

माझा मुलगा अकरावी-बारावीला त्यांच्याकडेच होता. फोनवर कुरकुरायचा, "आई, मामी कुठूनही येते गं. या टोकाच्या पार्टिशनमधून शिरते अन् त्या टोकाला निघते." मी म्हणायचे, "येऊ दे. तेवढंच तुझं डोकं पुस्तकात राहील." कारण तोवर गल्लीत सगळ्यांना त्याचा अर्थ कळला होता. त्या घरी पोरांना कडी लावता येत नाही, बाई कधीही डोकावते, म्हणून तिथली पोरं अभ्यास करतात. पोरांचे निकालही चांगले लागत गेले. मग काय, पालक यायचे ते खोली बघायच्या आधी दाराचं भोक बघायचे. शेजारच्या घरमालकानं ते बघून आपल्याकडच्या कड्या काढल्या. समोरच्यानं तर पाटीच रंगवली. स्वच्छ पाणी, घरगुती जेवण, बिनकडीच्या खोल्या.

नांदेडला आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी या पद्धतीचं किती कौतुक केलं असेल! माझ्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे वाटताना मी सांगितलं, निम्मं श्रेय त्याच्या मामीच्या शिस्तीचं. भूकंप तोवर जुना झाला होता. तो कुणाच्या डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. भूकंपाला भिणारं माणूस स्वतःचं दार उघडं ठेवेल. दुसऱ्याच्या दाराच्या कड्या कशाला काढेल, असं साधं गणित होतं.

म्हणून बोटीवर माझा जो भडका उडाला, तो काही नुसत्या चहासाठी नव्हता. मला वाटलं, पोरांवर ठेवायच्या ती पाळत वहिनी आता माझ्यावर ठेवताहेत. का ठेवताहेत, हे मात्र कळत नव्हतं. साठीला आलेल्या नणंदेनं नवऱ्याबरोबर बसून काय करावं असा त्यांचा संशय होता?

त्या दिवशी दुपारची जेवणं उरकली आणि वारा सुटला. भोंग्यातून इंग्रजीत आणि मग हिंदीत काहीतरी सांगितलं. समुद्र खवळणार आहे, गॅलरीत बसू नका, एवढं मला समजलं. बोट डुलायला लागली. गोव्याच्या बाई हातात किल्ली घेऊन दादाच्या खोलीतून गॅलरीत आल्या. पार्टिशन लावायलाच लागेल, वरून हुकूम आहे, असं त्यांनी सांगितलं आणि ते आकड्यातून सोडवलं. मी आमच्या बाजूला उभी होते. मला आत कुठंतरी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पार्टिशन अर्धं मिटलं आणि थांबलं. वहिनींनी त्याची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"लावू नका बाई," त्या म्हणाल्या.

"वैनी, सोडा की. वारा बगा किती सुटलाय."

"न्हाई."

आतून दादा ओरडला, "अगं सोड की! लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं हायत हितं?" वहिनी मागं न बघता म्हणाल्या. पदर फडफडत होता, केस तोंडावर आले होते, पण हात कडेवरून हलेनात. बाई किल्ली धरून माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी यावर काहीतरी काढीन. माझं डोकंच फिरलं.

"वैनी, पोरांचं एक वेळ ठीक होतं," मी म्हटलं. "त्यांचा अभ्यास व्हायला पाहिजे होता. मी काय बारावीला हाय का? माझ्यावर कामून पाळत ठेवून राहिलात तुम्ही?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "कसली पाळत?"

"मग कड्या कशाला काढल्या होत्या खोल्यांच्या? पोरांनी अभ्यास करावा म्हणूनच ना? सगळं लातूर म्हणतंय."

"अभ्यास?" वहिनींना खरंच काही उमजेना. "मला काय कळतंय वो अभ्यासातलं? पोरं तर माझ्या जेवणासाठी येत होती की."

त्या वाऱ्यात, डुलणाऱ्या बोटीवर, अर्ध्या मिटलेल्या पार्टिशनच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. त्यांना माझं कळेना आणि मला त्यांचं. ज्या शिस्तीसाठी गावोगावचे पालक त्यांच्या दारात रांग लावत होते, ती शिस्त त्यांच्या गावीही नव्हती.

"मग कड्या कामून काढल्या?" मी पुन्हा विचारलं, पण आता आवाज खाली आला होता.

वहिनींनी कड सोडली नाही. माझ्याकडे न बघता, त्या फटीतून आमच्या खोलीच्या दाराकडे बघत बोलल्या.

"ती आतल्या खोलीत होती. धाकटी. विसर्जनाहून दमून आलती. माझं लेकरू सारखं रडून राहिलतं. मीच म्हणलं तिला, कडी घालून झोप जा, न्हाई तर हे तुला झोपू देत न्हाई. घातली तिनं कडी. अन् मग ते झालं. मधलं दार होतं आमच्यात, एवढंच. अक्का, कडी निघंना, म्हणली. मी हिकडून ढकलून राहिले, ती तिकडून वढून राहिली. अक्का, निघंना, निघंना."

मग म्हणाल्या, "भाहेर पडायचं म्हणसाल, तर मी पडलेच की भाहेर. मला आत जायचं होतं."

इतकी वर्षं आम्ही या बाईला भित्री म्हणत आलो. स्वतःचा जीव जपायला दारं उघडी ठेवते, असं मानत आलो. आणि त्या मात्र पोरांकडे, माझ्या मुलाकडे आणि आता माझ्याकडे आत येता यावं म्हणून वाट मोकळी ठेवत आल्या. मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला. तो राग कुणाचा होता, मला आजही सांगता येत नाही.

"वैनी, सोडा," मी म्हटलं. "मीच तिकडं येते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हात काढले. बाईंनी किल्ली फिरवली. खट्‌ आवाज झाला आणि वहिनी दिसेनाशा झाल्या.

मी खोलीतून धावत बाहेर बोळात आले आणि अर्थातच उलट्या बाजूला वळले. दार ठोठावलं तर टॉवेल गुंडाळलेला एक परका गृहस्थ उभा! बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला. मी "सॉरी, सॉरी" करत मागं फिरले. भिंतीला धरत, झोकांड्या खात बोळातली दारं बघत चालले, आणि एका दारात मला ती चप्पल दिसली. साऱ्या बोटीत त्या एवढ्या एका गोष्टीचा अर्थ मला लागत होता.

दादा पलंगाच्या कडेला ओशाळून बसला होता. "दादा, तू आमच्या खोलीत जा," मी म्हटलं. "मी हितं वैनींपाशी बसते."

"कामून? काय झालं? मला काय बी कळंना तुमचं."

"काही न्हाई झालं. बायका हिकडं, पुरुष तिकडं."

हे मात्र त्याला लगेच कळलं. लग्नकार्यात काय, मयतीत काय, जन्मभर हेच चालत आलेलं. पत्ते उचलून तो मुकाट्यानं गेला.

बोट आता चांगलीच हलत होती. टेबलावरची पाण्याची बाटली गडगडत जाऊन भिंतीला आपटली. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पायांवर चादर टाकली.

"भ्यालीस व्हय?" त्या म्हणाल्या.

त्या वयानं मोठ्या, पण लग्न होऊन आल्यापासून मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणत आल्या होत्या. मग मलाच राहवेना, म्हणून म्हटलं, "वैनी, ते दोघं तिकडं हायत की बंद दारात. त्यांचं?"

"ते दोघं दार मोडतील. तुला कुठं येतंय? तू आपली लुकडी."

असं म्हणून त्या उठल्या. भिंतीला हात लावत लावत दारापाशी गेल्या, वाकल्या आणि अडकवलेली चप्पल काढून पायात घातली. दार आपोआप लागलं. त्या क्षणभर तिथंच उभ्या राहिल्या, मान वळवून मी पलंगावर आहे ना हे बघितलं. मग हात वर केला आणि आतून कडी लावली.